भोगीच्या दिवसाची फाइल

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

एचओडी सरांनी आजही किल्ली दिली नाही!

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात ते लहरी मोजायचं मोठं यंत्र चार वर्षं गुलाबी कव्हर पांघरून बसलंय. तपासणी समिती आली की कव्हर निघतं, फोटो निघतात, कव्हर परत चढतं. मुलांनी त्याला बोट लावलेलं नाही. सर म्हणाले, बिघडलं तर जबाबदारी कुणाची? माझी तर नाहीच. मी तासिकेवरची. दर जूनला नव्यानं मुलाखत, दर एप्रिलला नव्यानं रस्त्यावर. आठ वर्षं झाली!

मग माझी कांडी काढली. बोटाएवढी यूएसबी कांडी, मुळात लॅपटॉपवर टीव्ही बघायला विकायची. कुणीतरी शोधून काढलं की हिच्यातून हवेतली कुठलीही लहर पकडता येते — रेडिओ, विमानं, गाडीची किल्ली, काहीही. बाकीचं सगळं काम सॉफ्टवेअर करतं. आणि ते सॉफ्टवेअर फुकट. जगभरच्या लोकांनी लिहून सगळ्यांसाठी उघडं ठेवलंय. किल्ली खिशात घालून फिरणारा त्यांच्यात एकही नाही. अँटेना म्हणजे केबलवाल्यानं टाकून दिलेल्या तारेचा सतरा सेंटिमीटरचा तुकडा.

मुलांना नेहमीचं सांगितलं. रेकॉर्डिंग सुरू केलं की आधी हाताशी असेल ते बटण एकदा दाबून बघा. नाहीतर तासभर रिकामी फाइल भरत बसाल आणि मग माझ्याकडे रडत याल. मी दारावरची बिनतारी घंटी वापरते. पर्समध्येच असते ती. एकानं मोटारसायकलची किल्ली काढली. टेबलापाशी दाबली तर पडदाभर पांढरं फटक! पार्किंगमध्ये जाऊन दाबली तर दोऱ्याएवढी निळी रेघ. पोरं खूश. पुन्हा पुन्हा पळत खाली.

एवढ्यात सर दारात. म्हणाले, अभ्यासक्रमात आहे का हे?

३ जानेवारी, शनिवार

आप्पांचा फोन. कोर्टाची तारीख १९ पडली. "तू यायची गरज न्हाई. कॉलेज कर तुझं." फोन बंद.

गरज नाही! माझ्या भावाचा हात गेला आणि मला गरज नाही.

४ जानेवारी, रविवार

घरी आले. बीडहून एसटीनं येऊन लिंबागणेशच्या फाट्यावर उतरून अर्धा तास चालत. बजरंग ओट्यावर बसून डाव्या हातानं लसूण सोलत होता. उजव्या पंजाला अंगठा आणि अर्धं बोट. दोन वर्षांत डाव्या हाताची सही सुधारलीय, असं तो स्वतःच सांगतो. ठरलेलं लग्न मोडलं ते मात्र कधी काढत नाही. मीच मनात काढत बसते.

तेरा तारखेला भोगी. दोन वर्षं होतील.

कितीदा लिहिलं असेल या वहीत, तरी परत लिहिते. आमच्या शिवारात मोबाईलला रेंज नाही, म्हणून विहिरीवरची मोटार लांबून चालू करायला सगळ्यांनी रिमोट बसवले. बसवले कुणी? त्रिंबकनं. माझ्या काकाचा मुलगा, चौसाळ्यात जळालेल्या मोटारींची तार भरून द्यायचं दुकान. लहानपणी मला तारेला डाग द्यायला, सोल्डरिंग करायला यानंच शिकवलं. विहीर दोन्ही घरांची, आमच्या गच्चीवरून दिसते एवढी जवळ, पाण्याच्या पाळ्या वाटलेल्या. भोगीच्या दोन दिवस आधी पाळीवरून आप्पांचं आणि त्याचं चार लोकांत वाजलं. तो म्हणाला, "एक दिस तुमच्या मोटारीचा बंदोबस्तच करतो." चार लोकांनी ऐकलं.

भोगीला मोटार पाणी उचलेना. बजरंग विहिरीत उतरून मोटार आणि पंपाच्या जोडाचं रबर बदलत बसला. त्या आठवड्यात शेतीची लाईट बारा ते आठ, म्हणून त्यानं फ्यूज काढले नाहीत. बारापर्यंत तारा मेलेल्याच, मग फ्यूज कावून काढायचे? गावात कुणीच काढत नाही. त्या दिवशी लाईट आली साडेअकराला. आणि बाराच्या आत कुणीतरी बटण दाबलं. शेजारच्या मळ्यातल्या नाथाकाकानं बघितलं — त्रिंबक बांधावर उभा, रिमोट हातात.

तो म्हणतो मी माझ्या बोअरचं बटन दाबायला निघालतो, अजून दाबलंच नव्हतं. आप्पांनी रिपोर्ट दिला. दोन महिने आत राहिला. जामिनावर सुटून आला तर दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. आता सलग दुसऱ्या वर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला गेलाय, सांगलीकडे. मोटारीचा मिस्त्री! मला त्याची कीव आली नाही. आजही येत नाही.

संध्याकाळी माळ्यावरचं खोकं काढलं. जुनी हार्ड डिस्क सापडली. आणि एकदम डोक्यात आलं — त्या भोगीला मी गच्चीवर होते. कांडी नवी होती तेव्हा, हौस दांडगी. मी रेकॉर्डिंग लावलं होतं!

बजरंगच्या ओरडण्यानंतर लॅपटॉप कुणी बंद केला तेही आठवत नाही. ती फाइल मी कधी उघडली नाही.

५ जानेवारी, सोमवार

फाइल आहे. १४ जानेवारी २०२४. अकरा चाळीसला सुरू. सव्वाबाराला बॅटरी संपून बंद.

उघडली नाही. हात धुऊन परत येऊन बसले, तरी उघडली नाही.

६ जानेवारी, मंगळवार

उघडली.

अकरा बेचाळीस. एक दाब! स्वच्छ, ठळक. बाकी सगळी फाइल नुसती खरखर. पंचनाम्यात वेळ पावणेबाराची आहे. म्हणजे हीच. दुसरी नाहीच मुळी.

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर जेमतेम दोन मिनिटांनी! मी गच्चीवर दोन मिनिटं उशिरा गेले असते तर हा पुरावा जगात नसता. देव वगैरे मी मानत नाही, पण आज खुर्चीतून उठून उभी राहिले.

प्रत्येक रिमोट बटण दाबलं की लांब-आखूड ठोक्यांची एक ओळ हवेत सोडतो. पडद्यावर ती रेघांसारखी दिसते. पाकिटात दोन रिमोट येतात, त्या दोघांची ओळ सारखी. दुसऱ्या पाकिटाची वेगळी. आणि आमच्या मोटारीवरचा डबा त्रिंबकनंच बसवलेला, त्याला स्वतःच्या रिमोटची ओळ शिकवणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. म्हणजे आता फक्त त्याचा रिमोट हवा. एक पोलिसांनी नेला, तो मुद्देमालात धूळ खातोय, तपासणीचा अहवाल अजून यायचाय म्हणे. दुसरा त्याच्या घरात असणार.

चोवीस ठोके. कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवलेत. यांच्यावर त्रिंबकला परत आत घालते.

८ जानेवारी, गुरुवार

चार तास घेतले, मधल्या सुट्टीत डबा तसाच. कागद दहादा काढून बघितला. हावरटासारखा.

१० जानेवारी, शनिवार

काकूंच्या दारात दोन वर्षांनी पाय ठेवला. वच्छलाकाकू, त्रिंबकची आई. आमचं खाणंपिणं बंद आहे त्यांच्याशी. आप्पांनी भावकीत सांगूनच टाकलंय की त्या घरात कुणी गेलं तरी आम्ही सुतक धरणार नाही. याच्यापुढे तोडायला काही उरत नाही माणसात.

म्हातारी एकटीच. अंगणात शेणी थापत होती. मला बघून उठली नाही. मी रिमोट मागितला. खोटं बोलायचं ठरवून गेले होते — कॉलेजच्या प्रयोगाला हवाय वगैरे. तोंडातून खरंच निघालं. म्हणाले, त्या दिवशीचा पुरावा सापडलाय, जुळवून बघायचाय.

काकूंनी हात धुतले. आत गेल्या. फडक्यात बांधलेला रिमोट आणून माझ्या हातात दिला.

"ने माय. त्येचंच बटन निघलं तर मलाबी सांगाय ये. म्या सोता कोर्टात येऊन सांगते की घाला ह्याला आत. पर न्हाई निघलं तरबी सांगाय ये."

पाणी विचारलं. मी नको म्हणाले. रस्त्याला लागल्यावर घसा कोरडा पडला होता आणि स्वतःचाच संताप आला. का नको म्हणाले? कुणाची आण होती?

रिमोटची बॅटरी मेलेली. उद्या फाट्यावरून आणते.

११ जानेवारी, रविवार

जुळत नाही!

नवी बॅटरी घालून पन्नास वेळा दाबला. त्रिंबकची ओळ वेगळी. पहिल्या पाच ठोक्यांतच वेगळी. कांडी बदलली, तार बदलली, लॅपटॉप बंद करून चालू केला. उपयोग नाही. त्याच्या दुसऱ्या रिमोटची ओळ हीच असणार. मग त्यानं दाबलं नाही. दाबलं असतं तरी ती ओळ ही नव्हे.

दुपारी नाथाकाकांचा रिमोट मागून आणला. बॅटरी तपासते म्हणाले. तोही नाही.

मग नुसतं म्हणून, खरंच नुसतं म्हणून, खुंटीवरच्या आप्पांच्या सदऱ्यातून आमचा रिमोट काढला. आमचा दुसरा कधीच हरवलाय. हा एकच, आप्पांच्या खिशात असतो, ते कुणाला हात लावू देत नाहीत. विहिरीवरचा डबा त्या अपघातानंतर आप्पांनी उखडून फेकला, आता हा रिमोट कशालाच लागत नाही. तरी खिशात असतो. मी आजवर विचारलं नव्हतं, का?

चोवीसच्या चोवीस ठोके जुळले.

खाली आई जेवायला हाका मारत होती. आप्पांचा आवाज येत होता, भाकरी कडक झाली म्हणून. मी गच्चीवर बसून राहिले.

१२ जानेवारी, सोमवार

कॉलेजला चार दिवस रजा टाकली. तासिकेवाल्यांना रजा नसते, नुसती गैरहजेरी असते. असू दे.

ज्या माणसाला सगळा गाव आप्पा म्हणतो, ज्याच्या ओट्यावर भांडणं मिटवायला लोक येतात, त्यानं स्वतःच्या पोराचा हात घालवला. लाईट आल्याचं कळलं, सवयीनं दाबलं असेल. चूक. चूक मी समजू शकते. पण त्यानंतर पोलीस स्टेशनात बसून पुतण्याचं नाव घेतलं! बाप मेलेला पुतण्या. विहिरीतली त्याची पाळी सुटली, ती आता आमच्याकडे. वा आप्पा.

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी.

आईनं भोगीची भाजी टाकली, तीळ लावून बाजरीच्या भाकरी. बजरंग सकाळीच शेताकडे निघून गेला. या दिवशी तो घरात थांबत नाही.

आप्पा ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. दोन ओळी, एकीखाली एक. वरची त्या दिवशीची, खालची तुमच्या खिशातली. नीट समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं. आवाज चढू दिला नाही. ते बघत राहिले. अर्ध्या गालाला फेस.

मग त्यांनी एकच विचारलं.

"ह्यात दाबणारं माणूस दिसतं का गं?"

मी म्हणाले, माणूस दिसत नाही, रिमोट दिसतो. आणि तो रिमोट तुमच्या खिशात असतो. सगळ्या गावाला माहीत आहे.

आप्पांनी फेस पुसला. "मंग बरोबर हाय. म्याच दाबलं. लाईट आली म्हणून दाबलं. पोरगं हिरीत हाय ही ध्यानातच न्हाई राहिलं."

बस्स! दोन वर्षं, आणि कबुलीला दोन श्वास लागले. चेहऱ्यावर लाज नाही, पाणी नाही. उलट ओझं उतरल्यासारखे दिसले. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी विचारलं, मग त्रिंबकदादाचं नाव का घेतलं? म्हणाले, भ्यालो. एवढंच. आप्पा, भ्यालो! ज्यांना मी आयुष्यात भ्यालेलं बघितलं नाही.

मी बोलायचं ते सगळं बोलले. इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, आजपासून मला बाप नाही.

"कोर्टात मी सांगतो," आप्पा म्हणाले. "तू त्यात पडू नगंस. तुजं नाव कुटं यायला नगं."

अजूनही स्वतःच्या अब्रूचीच काळजी. मुलीनं बापाला पकडलं हे लोकांना कळायला नको!

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. आप्पांच्या ठेवला नाही. ते हात पुढे करून उभे होते.

१५ जानेवारी, गुरुवार

काकूंकडे गेले. सांगाय ये म्हणाल्या होत्या ना. सांगितलं, त्याचं बटण नव्हे.

त्या रडतील असं वाटलं होतं. रडल्या नाहीत. "मला ठावं हुतं," म्हणाल्या, आणि चुलीपुढे बसून फुंकत राहिल्या. कुणाचं होतं ते विचारलंच नाही त्यांनी. मीच सांगितलं. चूल पेटली तेव्हा म्हणाल्या, भाऊजींना मी माझ्या लग्नाच्या आधीपासनं बघितलंय, त्येंचं काय तरी निराळं असंल. मला हसू आलं. या बायका! उभा जन्म पायाखाली तुडवून घेतील आणि वर म्हणतील, पायाला लागलं का हो?

आज त्यांच्या घरी चहा घेतला. दोन कप.

१६ जानेवारी, शुक्रवार

फाइलची प्रत, दोन्ही ओळींचे छापील कागद आणि माझ्या सहीचं पत्र त्रिंबकदादाच्या वकिलांना बीडमध्ये नेऊन दिलं. आप्पांच्या शब्दावर विसंबायचं म्हणजे हद्दच. ते कोर्टाच्या पायरीवर परत भ्यायचे! वकील चष्मा काढून म्हणाले, मॅडम, हे कॉलेजच्या एखाद्या मोठ्या यंत्रावर तपासलंय का? मी नाही म्हणाले. ते कव्हरमध्ये आहे. बोटाएवढ्या कांडीवर तपासलंय आणि ज्याला शंका असेल त्यानं फुकट सॉफ्टवेअर उतरवून स्वतः तपासावं.

संध्याकाळी बजरंगला फोनवर सांगितलं. समोर सांगायचा धीर झाला नाही. 

"त्रिंबक्यानं मला खांद्यावर घेऊन हिरीतनं वर काढलं, ताई. सगळं रगत त्याच्या अंगावर. अन दवाखान्यात आलता तवा मी त्याच्या तोंडावर थुकलो."

मी म्हणाले, आपल्याला तसं सांगितलं गेलं. तो म्हणाला, सांगितलं कुणी, ते सोड. थुकलो तर मीच.

मग त्यानंच नंबर दिला आणि मी फडावर फोन लावला. दादा उशिरा फोनवर आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज. मी रडत होते, तो नव्हता.

"दोन वर्सं मी कोकलून सांगितलं, कुणी ऐकलं न्हाई. आता तुज्या यंत्रानं सांगितलं म्हणून खरं, व्हय? मंजू, तू लहानपणापासून मला वळखत हुतीस. यंत्र तर काल आलं."

 मी म्हणाले, चुकले. तो म्हणाला, रविवारच्या गाडीनं येतो. ठेवतो, मुकादम बोंबलतोय.

१७ जानेवारी, शनिवार

घरी यायचं नव्हतं. आले.

 आप्पा सकाळपासून कागद आवरतायत. बँकेचं पासबुक, सातबारा, गोळ्यांचं पाकीट. बजरंगला बोलावून दाखवलं, कुठे काय आहे. विहिरीतली त्रिंबकची पाळी सोमवारपासून चालू, असं नाथाकाकांना स्वतः जाऊन सांगून आले. वाटेत काकूंच्या दारात थांबले म्हणे, पण आत गेले नाहीत. अर्थात!

माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. म्हणाले, कॉलेजात पर्मनंटचं काय झालं? मी पाठ फिरवली. आत्ता आठवण झाली का? आणि असली चौकशी उद्या तुरुंगात जाणारा माणूस करतो?

नाटकी आहेत. म्हातारे झालेत आणि नाटकी झालेत.

१८ जानेवारी, रविवार. दुपार.

आई आप्पांची पिशवी भरत होती. दोन धोतरं, टॉवेल, गोळ्या. मी दारात उभी होते. म्हणाले, आई, एवढं रडायचं काही नाही, ज्यानं केलं त्यानं भोगायचं. तू दोन वर्षं कशी राहिलीस गप्प? तुला काहीच ठाऊक नव्हतं?

आई कधी उलटून बोलत नाही. आज पिशवीची चेन लावून माझ्याकडे वळली.

"मला कुणी काय सांगितलं न्हाई. म्या इतकंच बघितलं. तुजे आप्पा बजरंगाला दवाखान्यात घालून आले, अन तसंच गच्चीवर गेले. तिथं तुज्या त्या लॅपटॉपपाशी दुसरा रिमोट पडला हुता. त्यो खाली आणला अन माज्या डोळ्यादेखत चुलीत घातला. पार जळूस्तवर तितनं उठले न्हाईत.  मला म्हणले, मंजूला कवा बोलू नगंस."

मी म्हणाले, पुरावा जाळला, दुसरं काय?

आई म्हणाली, सोताचा खिशातला न्हाई जाळला मग.

१८ जानेवारी, संध्याकाळ.

फाइल परत उघडली. ठोके मोजले नाहीत. रंग बघितला.

पडदाभर पांढरं फटक.

ओट्यावरून दाबलं असतं, बांधावरून दाबलं असतं, तर दोऱ्याएवढी निळी रेघ आली असती. हा दाब हातभर अंतरावरचा आहे. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर दोन मिनिटांनी दिलेला. दारावरची घंटी त्या रविवारी बीडलाच राहिली होती. हाताशी असेल ते बटण एकदा दाबून बघायचं, मुलांना नेहमी मीच शिकवते. आणि शेतीची लाईट बाराला यायची होती.

आप्पा बाहेर उद्याचा सदरा झटकून दोरीवर टाकतायत. त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून आले. काही बोलले नाही, बोलले असते तर त्यांनी जाऊ दिलं नसतं.

कोर्टाकडे जाणारी पहिली एसटी सव्वासहाची. ते साडेसातच्या गाडीनं निघणार आहेत.